रक्त तपासलं जातं ते औषधासाठी, आजारासाठी नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाच्या फायलीत सतरा वर्षांत तीन निदानं लिहिली गेली. आधी स्किझोफ्रेनिया (आवाज, भ्रम), मग बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार), आता स्किझोअफेक्टिव्ह, म्हणजे दोन्हींची सरमिसळ. माणूस तोच, त्याला ऐकू येणारे आवाजही तेच. डॉक्टरांना मी दोष देत नाही. दादाचं बोलणं, आमचं सांगणं आणि स्वतःचा अनुभव, एवढ्यावरच त्यांना ठरवावं लागतं. दादा क्लोझापिन हे भ्रमांवरचं औषध घेतो म्हणून दर महिन्याला त्याचं रक्त तपासतात, पण ते त्या औषधाने पांढऱ्या पेशी कमी झाल्या नाहीत ना, हे बघायला. स्किझोफ्रेनिया ओळखणारी रक्ततपासणी आज जगात कुठेच नाही.

शोध मात्र चालू आहे. अमेरिकेतल्या ‘बी-स्निप’ या संशोधकांच्या गटाने निदानाचं नाव बाजूला ठेवून शेकडो रुग्ण तपासले. पडद्यावर एका बाजूला ठिपका चमकला की नजर उलट बाजूला न्यायची. आवाज ऐकवून ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, मेंदूचा प्रतिसाद मोजायचा. शिवाय स्मरणशक्तीच्या चाचण्या. २०१६ साली त्यांनी तीन गट मांडले: एकात मेंदूचा प्रतिसाद क्षीण, दुसऱ्यात प्रमाणाबाहेर, तिसरा जवळपास निरोगी माणसांसारखा. दादाच्या फायलीतली तिन्ही नावं या तिन्ही गटांत विखुरलेली निघाली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

शरीरात मोजता येणाऱ्या अशा खुणेने काय साधतं, त्याचं एक उदाहरण आहेच. काही थोड्या रुग्णांत, विशेषतः तरुण मुलींत, अचानक भ्रम सुरू होतात आणि कारण असतं मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या एका प्रथिनावर) हल्ला करणारी, शरीराचीच प्रतिपिंडं. हा आजार २००७ मध्ये ओळखला गेला. मणक्यातल्या पाण्यात ती प्रतिपिंडं सापडली की उपचारांची दिशाच बदलते, आणि बरेच जण बरे होतात. मानसिक आजार म्हणून दाखल झालेल्या मुलीची ही तपासणी राहून जाऊ नये, एवढं तरी आपण आजच करू शकतो.

बाकीच्या शोधात आपली माणसं फारशी नाहीत. २०२२ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे ७६,७५५ रुग्ण होते. त्यांतले बहुसंख्य युरोपीय वंशाचे, त्याखालोखाल पूर्व आशियाई. उद्या तपासणी निघाली, तरी ती आपल्या शुभार्थींना, म्हणजे मानसिक आजाराशी झुंजणाऱ्या आपल्या माणसांना, लागू पडेल याची खात्री कोण देणार?

म्हणून मागणी अशी. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत पहिल्यांदा भ्रम झालेल्या रुग्णाची नोंद, रक्ताचा नमुना आणि ईईजी एकाच पद्धतीने ठेवावेत, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेशी ते काम जोडावं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे संशोधनाला संमती लागते. ती शांतपणे, मराठीत समजावून घ्यावी. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या उपचारात तसूभरही फरक पडू नये.

हे पत्र दादाला वाचून दाखवलं. त्याने एकच दुरुस्ती सांगितली: ‘जुन्या रुग्णांनाही घ्या.’ ती इथे घालते आहे.

आपली,
एका शुभार्थीची बहीण, सातारा