शिमल्याहून, चवथीनंतर

शिमला,
गणेशचवथ होऊन आठ दिवस

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मायना बरोबर आहे ना, बाबा? मग लाल पेन खाली ठेवा. घरात आपण कोंकणी बोलतो, भांडतोही कोंकणीतच, पण कागद पुढ्यात घेतला की हाताला मराठीच येतं. मास्तरांच्या घरात वाढल्याचा परिणाम. फोनवर सांगण्यासारखं असतं तर फोनच केला असता. पण तुम्ही "बरं, बरं" म्हणून दोन मिनिटांत फोन आईकडे देता, आणि आई जेवलीस का एवढं विचारून रडायला लागते.

आधी दरडींचं, म्हणजे आईचा जीव खाली पडेल. टीव्हीवर दाखवतात तो डोंगर अख्ख्या हिमाचलातला कुठलाही असतो. मी राहते तो उतार अजून जागेवर आहे. भीती खोटी आहे असं मात्र म्हणणार नाही. १४ ऑगस्ट २०२३ ला इथेच, समर हिलच्या शिवमंदिरावर दरड आली आणि वीस माणसं गेली. शहर आहे सुमारे २,२०० मीटर उंचीवर, आणि सपाट जमीन म्हणाल तर हाताच्या पंज्याएवढी. त्यामुळे घरं उतारावर एकावर एक चढलेली. आमच्या इमारतीत रस्त्यावरून शिरलं की तो चौथा मजला, आणि मी राहते खाली दुसऱ्यावर! जागा बघायला गेले तेव्हा पावसाचं पाणी कुठून उतरतं ते मालकिणीला आधी विचारलं. ती चमकली. आधीचे भाडेकरू म्हणे खिडकीतून बर्फ दिसतो का ते विचारायचे. २०२१ च्या जुलैत गोव्यात म्हादईला पूर आला तेव्हा आपल्या मागच्या दरडीची माती कशी सरकत होती, ते मी विसरलेले नाही. इथे गटार पक्कं आहे, मागे देवदारांची मुळं आहेत. बघून घेतलंय.

सामान वर (म्हणजे खाली) आणायचं तर गाडी दारापर्यंत येत नाही. काश्मिरी हमाल असतात, त्यांना सगळे 'खान' म्हणतात. एकाने माझा फ्रीज पाठीवर दोरीने बांधला आणि ११२ पायऱ्या उतरला, मध्ये एकदाच टेकला. मी मागून रिकाम्या हाताने उतरत होते तरी धापा टाकत होते. खाली पोचल्यावर तो हसून म्हणाला, मैडम, यहाँ फ्रिज किसलिए? खरंच आहे. खोबरेल तेल जूनमध्येही पहाटे थिजलेलं असायचं. भाताला वेळ लागतो, कारण या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय चूल पेटवायची नाही. आई, तू दिलेली सुकी सुंगटं अजून उघडलेली नाहीत. मालकिणीशी थोडी ओळख वाढू दे, मग कोळंबीचा वास.

मालकीण बाई चांगली आहे, पण पहिल्याच दिवशी तिने फॉर्म पुढे केला. आधार, फोटो, आधीचा पत्ता, पोलीस चौकीत नोंद. मग तोंडी परीक्षा: एकटी का, मांस खाता का, रात्री उशीर होतो का, किती वर्षं राहणार. मी एकेक उत्तर देत होते आणि मला हसू येत होतं. बाबा, हे सगळे प्रश्न तुमचे आहेत! शेजारच्या घरात दिल्लीचं ते जोडपं राहायला आलं तेव्हा बाल्कांवावर बसून तुम्ही हेच विचारलं होतं, याच क्रमाने. तुम्ही त्यांना 'भायले' म्हणालात. इथे भायली मी. आणि चोर्ला घाटाच्या पलीकडून कामाला येणाऱ्यांना आपण आयुष्यभर 'घाटी' म्हटलं, ते म्हणायला आता मला तोंड नाही. माझ्याइतका घाट चढून कोण राहिलंय?

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. इथे १९७२ चा जमीन सुधारणा कायदा आहे, त्याचं ११८ वं कलम. हिमाचलात जो शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. नुसता बाहेरचा नव्हे. शिमल्यातच जन्मलेला पण शेतकरी नसलेला दुकानदारही त्यात अडकतो. तुम्ही ग्रामसभेत ज्यासाठी घसा कोरडा केलात ते इथे कागदावर आहे. तरी लोक वाटा काढतात, कुणाच्या तरी नावावर घेतात, असं बँकेत बसल्यावर कानावर येतंच. त्यामुळे आपल्या भाटाचं, त्या बागायतीच्या जमिनीचं, विचारायला तो एजंट परत आला तर त्याला माझं नाव सांगून परत पाठवू नका. "मुलीसाठी ठेवलंय" हे वाक्य तुम्ही गेली दोन वर्षं ढालीसारखं वापरताय. विकायचं नसेल तर तुम्हाला विकायचं नाही म्हणून सांगा.

आता जे लिहायला कागद घेतला ते. बँकेने मला शिमल्याला पाठवलं, असं मी सांगितलं होतं. ते अर्धं खरं. बढती झाली की दुसऱ्या राज्यात जावं लागतं, हे खरं. पण फॉर्मवर पसंतीची तीन ठिकाणं लिहायची होती आणि त्यात बेळगावही निघत होतं. आपल्या केरीहून चोर्ला चढला की बेळगाव. शनिवारी दुपारी निघून चहाला घरी पोचले असते. मी बेळगाव लिहिलं नाही. पहिलं शिमला लिहिलं.

तुमच्यावर रागावून नाही. वय एकेचाळीस, आणि पणजीच्या काउंटरवरसुद्धा कोणी तरी वाकून म्हणायचं, "तूं केरीच्या मास्तराचें चेडूं मगो?" मग लग्नाचं, मग का नाही, मग तुमच्या ब्लडप्रेशरचं. चांगली माणसं सगळी. पण मला एकदा, एखादं वर्ष तरी, कोणाचीच कोणी नसलेली बाई होऊन बाजारातून चालायचं होतं. हे तेव्हा तुमच्यासमोर म्हणता आलं नाही. गंमत अशी की त्या तोंडी परीक्षेत मालकिणीने शेवटी "घर में कौन कौन है" विचारलं, आणि मी आधी काय म्हटलं असेल? "पिताजी मास्टर थे." तिने लगेच भाड्यातले पाचशे कमी केले.

चवथीला यायला रजा नव्हती, ते मात्र पूर्ण खरं आहे. मूर्ती आणली नाही. आपली चवथ केरीच्या घरात, ती दोन ठिकाणी कशाला. पण देवाच्या डोक्यावरची माटोळी बांधली. मालकिणीच्या मुलाने जुन्या खिडकीची चौकट खिळ्यांना टांगून दिली. केवणीचे दोर नाहीत, सुतळी घेतली. तोरिंग नाही, कवंडळ नाही, आंबाडे नाहीत. मग देठासकट सफरचंदं, नाशपाती, हिरव्या सालीतले अक्रोड, मक्याची कणसं, तपकिरी पडलेली जाडजूड पहाडी काकडी आणि देवदाराचं एक फळ. लोअर बाजारात नारळ मिळाला, पण पार सोललेला, शेंडीपुरता. तो टांगायला अर्धा तास गेला. सुपारीचा कात्रा कुठला? तुम्ही वाटेत खायला दिलेल्या पाच सुपाऱ्या फडक्यात बांधून लटकावल्या. खाली गणपतीचा फोटो. मालकीण बघून म्हणाली, तुमच्याकडे देवाच्या डोक्यावर सब्जी मंडी असते काय? रात्री अडीचला एक सफरचंद धाडकन पडलं. दरडच आली म्हणून मी चादरीसकट जिन्यात धावले. हे दादाला सांगू नका, तो फोंडाभर करील.

तुम्ही दोघं यायचं कधी? मार्च ते मे काजू, पावसात मी येऊ देणार नाही, दिवाळीनंतर सुपारी. तुमच्या कुळागराला सुट्टी म्हणून नसते. तरी ऑक्टोबरात दहा दिवस काढा. गोवा एक्स्प्रेसने मडगावहून दिल्ली, मग कालका, तिथून १९०३ सालची छोटी गाडी: ९६ किलोमीटर आणि १०२ बोगदे. मुंबईला जाताना रत्नागिरीपुढचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा तुम्ही घड्याळ लावून मोजला होता, बाबा. इथे मोजता मोजता दमाल. आईच्या गुडघ्यांसाठी ११२ पायऱ्या जास्तच आहेत. दोन मजले वर, रस्त्याच्या पातळीवरची खोली दहा दिवसांसाठी देते म्हणालीय मालकीण. जाखूला माकडं चष्मा पळवतात आणि खाऊ दिल्यावरच सोडतात. आपल्या माडांवरच्या खेत्यांशी, त्या माकडांशी, तीस वर्षं लढलेल्या माणसाने एकदा बघायला हवीत.

आई, सोलं संपत आली. दादाबरोबर पाठवू नकोस, तू घेऊन ये.

बेळगावबद्दल काय वाटलं ते बाबांनी लिहावं. फोनवर नको, पत्रानेच. दोन ओळी असल्या तरी चालतील, आणि माझ्या चुका लाल शाईने काढून हेच पत्र परत पाठवलंत तरी चालेल.

तुमची,
सुलू