५९, ५७ आणि ते आठ : कोलंबियातल्या ताईंना पत्र

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. निघताना तुम्ही दोन्ही हात हलवत म्हणाला होतात, "माझं नाव कुठे छापू नका, मी माझं कामच केलं." तेवढं ऐकते. पण आभार मानू नका असं काही म्हणाला नव्हतात. तेव्हा ते मानणार, आणि चारचौघांत मानणार. मराठीत लिहितेय, कारण मला नीट रागावताही याच भाषेत येतं आणि या पत्रात थोडा राग येणार आहे. सून तुम्हाला फोनवर इंग्रजीत सांगेल. काही वाक्यं ती गाळेल, मला ठाऊक आहे.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. मी कऱ्हाडकडची. शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. मुलगा नोकरीनिमित्त शार्लटला असतो. तिथून साउथ कॅरोलायना राज्याची राजधानी कोलंबिया गाडीने दीड तासावर. इतर मुलं आईवडिलांना नायगारा दाखवायला नेतात. मी म्हटलं, धबधबा राहू दे, मला कोलंबियाला ने.

त्याला कारण होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मोकळं केलं म्हणून. हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. पण तरुणपणी, एम.फिल.ला नाव घातलं तेव्हा, मला एक साधा प्रश्न पडला होता : मोकळे झालेले ते लोक त्या १८७३ सालात होते कुठे? शेतात, रस्त्यावर, की आणखी कुठे? शोधत गेले आणि थक्क झाले. साउथ कॅरोलायनात ते विधिमंडळात बसले होते. १२४ जागांचं प्रतिनिधीगृह, आणि १८६८ पासून त्यात निम्म्याहून जास्त सभासद कृष्णवर्णीय. कनिष्ठ सभागृहात असं बहुमत त्या काळात दुसऱ्या कुठल्याच राज्यात नव्हतं. त्यातले बहुतेक सगळे रिपब्लिकन. (आजचे अर्थ इथे लावू नका. तेव्हा रिपब्लिकन म्हणजे लिंकनचा पक्ष, आणि डेमोक्रॅट म्हणजे तिथल्या जुन्या मळेवाल्या मालकांचा.) रॉबर्ट स्मॉल्स हा माणूस १८६२ च्या मे महिन्यात चार्ल्स्टन बंदरातून मालकांचं जहाज पहाटे बायकापोरांसह पळवून घेऊन गेलेला गुलाम. सहा वर्षांनी तो या सभागृहात सभासद. माझ्या विषयाला यापेक्षा काय हवं होतं?

गाडी अडली ती १८७६ पाशी. एका पुस्तकात डेमोक्रॅट ६५. दुसऱ्यात ५७. रिपब्लिकन दोन्हीकडे ५९. एक बेरीज १२४ येते, दुसरी ११६. छपाईची चूक असेल म्हणून मी तिसरं पुस्तक काढलं, तर त्यात दोन सभापती! एकाच गृहाला, एकाच वेळी. मी हे घेऊन माझ्या मार्गदर्शकांकडे गेले. खोलीत आणखी चारपाच जण बसले होते, चहा चालला होता. ते म्हणाले, "बाई, आधी बेरीज शिका, मग प्रबंध लिहा. आणि तिकडे कुणाचे किती होते याच्याशी आपल्याला काय करायचंय?" सगळे हसले. मीही हसले, ते जास्त लागतं अजून.

त्यांच्यामुळेच सोडलं असं म्हणणार नाही. लग्न होतं, नोकरी होती, सासूबाईंचं आजारपण होतं. पण वही मी जपून ठेवली, आणि ५९-५७-६५ हे आकडे फडताळातल्या उंदरासारखे अधूनमधून खुडबुडत राहिले.

यंदा तिकडे गेल्यावर जुने कागद बघायला मिळावेत म्हणून तुमच्याआधी दोन दारं ठोठावून झाली. एका ठिकाणी पाठवलेल्या पत्राला उत्तरच नाही. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या पोराने माझी साडी आणि खालचे कापडी बूट पाहिले, संशोधक म्हणून ओळखपत्र आहे का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर गोड हसून शहराचा नकाशा हातात दिला. बागा कुठे, कॉफी कुठे मिळते, सगळं त्यात होतं. तोही त्याचं कामच करत होता म्हणा.

आणि मग तुम्ही. पिकलेले केस, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. मी ओळखपत्र नाही, मी शिक्षिका होते, मी भारतातून आले, असं एका दमात सांगायला लागले. तुम्ही मध्येच थांबवलंत आणि विचारलंत, "काय जुळत नाहीये?"

बस. तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

कागद कसे निघाले, कुठल्या खोलीत बसलो, ते सगळं राहू दे. तुम्ही वहीतले माझे आकडे ऐकलेत आणि म्हणालात, "तुमची बेरीज बरोबर आहे. दोन्ही बरोबर आहेत. भांडण एकूण किती धरायचे याचं आहे." मग तुम्ही जे सांगितलंत ते मी इथे माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर कान धरा.

१८७६ च्या नोव्हेंबरात निवडणूक झाली. डेमोक्रॅटांचे लाल सदरेवाले बंदुका घेऊन घोड्यांवरून फिरत होते. एजफील्ड आणि लॉरेन्स या दोन काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) इतका गोंधळ, की एजफील्डात तर मतदारांपेक्षा मतंच जास्त निघाली. मोजणी करणाऱ्या मंडळाने या दोन काउंट्यांच्या आठ जणांना निवडून आल्याचं प्रमाणपत्र नाकारलं. एजफील्डचे पाच, लॉरेन्सचे तीन, आठही डेमोक्रॅट. ते धरले तर डेमोक्रॅट ६५ आणि एकूण १२४, म्हणजे गणपूर्तीला, कामकाज चालायला, निम्म्याहून जास्त, ६३ हवेत. वगळले तर डेमोक्रॅट ५७, एकूण ११६, आणि ११६ चं बहुमत किती? ५९. रिपब्लिकन नेमके तेवढेच, एकही जास्त नाही. त्या एका आकड्यावर एक अख्खं सरकार उभं होतं, ताई, आणि मी त्याला छपाईची चूक समजत होते.

२८ नोव्हेंबरला त्या आठांना अडवायला दारात केंद्राचे सैनिक उभे राहिले. डेमोक्रॅटांनी दुसरीकडे जाऊन विल्यम वॉलेस यांना सभापती केलं, रिपब्लिकनांनी आत एडमंड मॅकी यांना. दोन दिवसांनी डेमोक्रॅट आत घुसले. मग चार दिवस एकाच दालनात दोन सभागृहं : दोन सभापती शेजारी शेजारी, दोघांचे कारकून वेगळे, दोघेही एकाच वेळी बोलायला परवानगी देतायत. कुणी उठून गेलं तर जागा जाईल म्हणून रात्रीही तिथेच मुक्काम. आमच्याकडे आमदार हॉटेलात नेऊन ठेवतात, ते सोयीचं म्हणायचं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, समजावायला फार वेळ लागला असता.

आता मला ज्याबद्दल खरं लिहायचं आहे ते. माझं टाचण मराठी आकड्यांत होतं. काउंटीवार यादी, पुढे पक्ष, पुढे आकडा. मी म्हटलं, थांबा, तुमच्या आकड्यांत उतरवून देते. तुम्ही म्हणालात, नको, उतरवताना चुका होतात. आणि कपाटातून एक कोरी चिठ्ठी काढून माझ्यासमोर सरकवलीत : "शून्यापासून नऊपर्यंत लिहून द्या." दिले. ती चिठ्ठी शेजारी ठेवून तुम्ही माझी पानंच्या पानं बोट फिरवत तपासलीत. '४' तुम्हाला आवडला, गाठीसारखा दिसतो म्हणालात. '१' आणि '९' मध्ये दोनदा फसलात. एका काउंटीत माझा एक सभासद जास्त धरला गेला होता, तो तुम्ही काढलात, माझ्या लिपीत! शेवटी पेन्सिल घेतलीत आणि स्वतःच्या हाताने, शाळेत पहिल्यांदा पाटी धरलेल्या पोरासारखं जपून, खाली लिहिलंत : ५७ + ८ = ६५. '५' उलटा आला. मला पुढचं काही दिसेना, तुम्हाला वाटलं डोळ्यांचा त्रास आहे, तुम्ही दिवा जवळ ओढलात.

ज्या खोलीत मला बेरीज शिका म्हणाले होते, तिथे कुणी वहीसुद्धा उघडली नव्हती. ती तर त्यांच्याच लिपीत होती.

माणूस शिकलेला असणं आणि माणूस चांगला असणं यांचा एकमेकांशी संबंध असतो, असं मी शाळेत मुलांना सांगत आले. थोडं खोटंच सांगत आले. चांगुलपणा मी जास्त पाहिला तो एस.टी.च्या कंडक्टरांत, दवाखान्यातल्या आयांत, आणि आता तुमच्यात. समोरच्याचं अडलंय कुठे, तेवढंच बघायचं. तो कोण आहे हे मागाहून कळतंच.

फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचं मी बोलले तेव्हा तुम्ही फक्त साल विचारलंत. १८७३ म्हटल्यावर आत गेलात, यादी आणलीत आणि एका नावावर बोट ठेवलंत : सॅम्युअल ली. १८७२ ते १८७४ या गृहाचे सभापती, वकील, कृष्णवर्णीय. इकडे पुण्यात ते अर्पण छापलं जात होतं, तेव्हा तिकडे त्या खुर्चीत कोण बसलं होतं ते मला तीस वर्षांनी कळलं. फुल्यांना हे ठाऊक असतं तर केवढा आनंद झाला असता त्यांना!

तुम्ही मला भाबडं राहू दिलं नाहीत, तेही बरं केलंत. हे सभासद काही देवमाणसं नव्हती म्हणालात, आणि लीच्या आधीचे सभापती फ्रँकलिन मोझेस यांची गोष्ट सांगितलीत. घोड्यांच्या शर्यतीत हजार डॉलर हरले, तर गृहाने त्यांना कामाची बक्षिसी म्हणून तेवढेच हजार डॉलर मंजूर केले. मी खो खो हसले. मोझेस गोरे होते, पण पुढे पन्नास वर्षं या असल्या गोष्टी सांगून बदनामी झाली ती काळ्या सभासदांची, हे तुम्ही आवाज न चढवता जोडलंत. त्याच गृहाच्या काळात राज्यात सर्वांसाठी सरकारी शाळा सुरू झाल्या, ते कोण सांगतं?

पुढचं थोडक्यात आणि वाईट. १० एप्रिल १८७७ ला राष्ट्राध्यक्ष हेज यांनी राज्यभवनातले सैनिक काढून घेतले आणि रिपब्लिकन सरकार दुसऱ्याच दिवशी संपलं. १८९५ ला नवी राज्यघटना झाली, काळ्यांचं मत काढून घेण्यासाठीच. ती घडवणाऱ्या परिषदेत कृष्णवर्णीय उरले होते सहा. त्यात म्हातारा रॉबर्ट स्मॉल्स होता, विरोधात बोलायला. विसावं शतक सुरू होता होता गृहात एकही उरला नाही. मी विचारलं, मग परत कधी? तुम्ही कागद न बघता सांगितलंत, "१९७०. तिघं." आणि यादी मिटत म्हणालात, "मी तेव्हा शाळेत होते." एवढंच. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

एम.फिल. आता कोण देणार, आणि हवीय कुणाला. पण १८६८ ते १८७७ ची यादी काउंटीवार पूर्ण होत आलीय. १८७४ चे, रॉबर्ट इलियट सभापती होते त्या गृहाचे, काही सभासद अजून नीट लागत नाहीत. ते पुढच्या खेपेला तुमच्याकडे घेऊन येईन, तोवर '१' आणि '९' चा सराव ठेवा.

तुमची पेन्सिल चुकून माझ्या पर्समध्ये आली आहे. मुलगा महिनाअखेरीस कोलंबियाला येतोय, त्याच्याकडे देते. चिठ्ठी मात्र परत मिळणार नाही, ती मी वहीत चिकटवली आहे.

तुमची,
कऱ्हाडची शिक्षिका