नाण्याची किंमत छापता, मग ते सापडलं कुठे तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बोस्टनला १६५२ साली पाडलेलं तीन पेनीचं एक चिमुकलं चांदीचं नाणं लिलावात २५ लाख डॉलरच्या वर गेलं, ही बातमी नोव्हेंबर २०२४ ची आहे पण आमच्या घरच्या ग्रुपवर अजून फिरतेय आणि दर वेळी कोणीतरी विचारतं की तू पण ते मशीन घेऊन शेतातून फिरतेस ना, तुझी लॉटरी कधी लागणार. मी मूळची वाईची, गेली बरीच वर्षं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला राहते आणि मेटल डिटेक्टिंग, म्हणजे मशीनने जमिनीतला धातू शोधणं, हा माझा जिवाभावाचा छंद आहे, म्हणून हे पत्र.

नाणं सापडल्याची बातमी आली की आपल्याकडे हेडिंगमध्ये किंमत असते. लाखो, कोटी, डॉलर. ते कुठल्या जमिनीत सापडलं, किती खोल, शेजारी काय होतं, यातलं काहीच नसतं, आणि माझ्या मते नाण्याची अर्धी माहिती तिथेच असते.

त्या २५ लाखांच्या नाण्याचंच बघा. वजन फक्त १.१ ग्रॅम, एका बाजूला एनई म्हणजे न्यू इंग्लंड (बोस्टनच्या आसपासचा मुलूख) आणि दुसऱ्या बाजूला रोमन तीन, बाकी दोन्हीकडे कोरं. ते जमिनीत सापडलेलंच नाही, हॉलंडमधल्या एका जुन्या कपाटात कागदी डबीत होतं आणि डबीवर कोणीतरी लिहून ठेवलं होतं की हे क्विन्सी घराण्याकडून आलं, डिसेंबर १७९८. बोस्टनची टांकसाळ चालवणाऱ्या जॉन हलची बायको ज्युडिथ ही क्विन्सी घराण्यातली. म्हणजे ती एक ओळ कोणी लिहिली नसती तर ते नाणं अजूनही अनोळखी चकती म्हणून पडून राहिलं असतं, किंवा खोटं म्हणून कोणी बाजूला टाकलं असतं. ही गोष्ट किती बातम्यांत आली? मला तरी व्हॉट्सॲपवर आलेल्या एकाही बातमीत दिसली नाही.

त्या टांकसाळीबद्दल थोडं सांगते कारण मला ते फार आवडतं. तेव्हाच्या इंग्रज वसाहतीत रोख पैशाची कायम चणचण असायची, मका आणि कातड्यांवर व्यवहार चालायचे आणि वेस्ट इंडिजच्या व्यापारातून जी स्पॅनिश चांदी यायची त्यात खोटी पण बरीच. शेवटी १६५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सभेने ठरवलं की आपणच नाणी पाडायची आणि हल आणि रॉबर्ट सँडरसन या दोन सोनारांना काम दिलं. पहिली नाणी इतकी साधी होती की लोक कडा कातरून चांदी काढून घ्यायला लागले, त्यामुळे त्याच वर्षी हुकूम निघाला की दोन्ही बाजूंना कडेने अक्षरं आणि मधोमध झाड हवं. मग आधी विलो, नंतर ओक आणि शेवटी पाईन. शिलिंगचं, म्हणजे बारा पेनीच्या नाण्याचं, वजन ७२ ग्रेन, म्हणजे साधारण ४.७ ग्रॅम, इंग्लंडच्या शिलिंगपेक्षा मुद्दाम हलकं ठेवलं म्हणजे चांदी वसाहतीतच राहील. आणि १६८२ पर्यंत पाडली तरी जवळजवळ सगळ्या नाण्यांवर साल १६५२ च, अपवाद फक्त ओकच्या दोन पेनीचा, त्यावर १६६२ आहे. काही जण म्हणतात १६५२ ला इंग्लंडमध्ये राजाच नव्हता, म्हणजे त्याच्या परवानगीशिवाय नाणी पाडल्याचा ठपका येत नव्हता, म्हणून ते साल सोयीचं होतं, काही म्हणतात ते फक्त ठरावाचं साल आहे. मला दुसरं जास्त पटतं. याच काळात आपल्या मुंबईतही कंपनीची टांकसाळ सुरू झाली होती आणि १६७६ मध्ये तिला इंग्लंडच्या राजाची रीतसर सनद मिळाली, हेही जाता जाता सांगते.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला मका कापून झाल्यावर मला एका शेतात यातलंच एक सापडलं, पाईनच्या झाडाचं सहा पेनीचं. शेतकऱ्याची लेखी परवानगी होती, काय सापडलं तर त्याचं काय करायचं हेही आधीच ठरलेलं होतं. सिग्नल फार मोठा नव्हता पण कुठल्याही बाजूने कॉइल, म्हणजे मशीनची खालची चकती, फिरवली तरी पडद्यावरचा नंबर तोच, आणि वीतभर खाली मातीत ती करडी कड दिसली तेव्हा हात थरथरत होते हे खरंय. झाड अर्धं झिजलेलं, नाणं थोडं वाकलेलं. मी ते पुसलं नाही, घासलं नाही. आपल्याकडे जुनं चांदीचं काही मिळालं की पहिल्यांदा चिंच, राखुंडी नाहीतर टूथपेस्ट, आणि त्यात नाण्याची वरची सगळी नक्षी जाते, कृपा करून असं कोणी करू नका.

पण नाण्यापेक्षा मला जास्त बोलकं वाटलं ते आजूबाजूचं. त्याच पट्ट्यात मातीच्या चिलमींचे तुकडे, शिशाची एक बंदुकीची गोळी, बुटाच्या बकलचा तुकडा आणि विटांचा चुरा. प्रत्येक वस्तूची जागा मी फोनच्या जीपीएसवर नोंदवली आणि गावातल्या इतिहासाचं काम करणाऱ्या आजोबांना दाखवली, त्यांनी जुनी खरेदीखतं काढली तर त्या कोपऱ्यात एका घराचा उल्लेख निघाला जे आजच्या कुठल्याच नकाशात नाही. नाणं उचलून थेट विकलं असतं तर पैसे मिळाले असते, घर मिळालं नसतं.

याच्याहून मोठं उदाहरण शेजारच्या ऱ्होड आयलंडचं आहे आणि त्याचा धागा थेट आपल्याकडे येतो. २०१४ मध्ये मिडलटाऊन गावच्या एका फळबागेत एका हौशी शोधकाला चांदीचं बारकं नाणं मिळालं, त्यावर अरबी अक्षरं, येमेनमध्ये १६९३ ला पाडलेलं. अमेरिकेतल्या बागेत येमेनचं नाणं कसं? त्या माणसाने जागा सांभाळून नोंदवली होती, मग इतरांनीही आपापली तशीच नाणी दाखवली, मॅसॅच्युसेट्समध्ये दहा, ऱ्होड आयलंडमध्ये आणखी काही, कनेक्टिकटमध्ये दोन, आणि त्यातून एक चित्र तयार झालं. १६९५ च्या सप्टेंबरमध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज लुटलं. त्या वर्षी बादशहाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, म्हणजे आपल्या मंगळवेढ्याजवळ, आणि राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कोंडून ठेवलं, एव्हरीच्या डोक्यावर बक्षीस लागलं, तो मात्र कोणाला सापडला नाही. त्याची काही माणसं न्यू इंग्लंडमध्ये येऊन लपली असणार असं ही नाणी सुचवतात. ऱ्होड आयलंडचे इतरही चाचे तांबड्या समुद्रात जात होते त्यामुळे प्रत्येक नाणं एव्हरीचंच असं म्हणता येत नाही, पण ठिकाणं नोंदवली म्हणून हा प्रश्न तरी विचारता आला. एकट्या नाण्याची किंमत म्हणाल तर फार नाही.

आता आपल्याकडे या. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा ऐतिहासिक सिनेमा आला, त्यात मुघलांचं बुऱ्हाणपूर दिसलं, आणि मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला शेकडो माणसं रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मुघल नाणी शोधायला शेतं उकरत बसली. २०२१ मध्ये चिखलीला, आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये, बांधकामाच्या मातीत २१६ सोन्याची नाणी निघाली, ज्या मजुरांना मिळाली त्यांनी घरी ठेवली आणि शेवटी पोलीस आले. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही, कळवायचं कोणाला हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. १८७८ चा निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत मिळालं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात शोधणाऱ्याचा हक्कही आहे, कोणी मालक पुढे आला नाही तर निधी त्याला मिळू शकतो, जमीनमालकाशी वाटणी झाली तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा, आणि सरकारने ठेवून घेतलं तर मोबदला द्यावा लागतो. हे किती शेतकऱ्यांना माहीत आहे? लोकांना फक्त एवढंच माहीत असतं की सांगितलं तर जाणार.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून हौशी लोकांनी आणलेल्या वस्तू नोंदवून घेणारी सरकारी योजना आहे, तिथे १५ लाखांच्या वर नोंदी झाल्यात आणि खजिना ठरला तर मोबदला शोधणाऱ्यात आणि जमीनमालकात वाटला जातो. लोक स्वतःहून येतात कारण येण्यात त्यांचा तोटा नाही.

गडकिल्ल्यांवर मात्र मशीन नेऊच नका, हे मी हा छंद असलेली बाई म्हणूनच सांगते. संरक्षित जागेत खणणं गुन्हा आहेच, पण त्याही आधी तिथला प्रत्येक थर पुरातत्त्ववाल्यांसाठी तसाच राहायला हवा, एकदा उकरला की तो परत लावता येत नाही. इथे अमेरिकेतही सरकारी जमिनीवर मी मशीन घेऊन पाऊल ठेवत नाही, पुरातन वस्तूंच्या रक्षणाचा १९७९ चा कायदा कडक आहे.

संपादक साहेब, माझी आपल्याला दोन गोष्टींची विनंती आहे. नाण्यांच्या बातमीत किंमत द्यायचीच तर आतल्या मजकुरात द्या, कारण त्या आकड्यांवरच जुनी नाणी विकत घेतो म्हणून फसवणारे जगतात, रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये त्याबद्दल इशारा द्यावा लागला होता. आणि नांगरताना, विहीर खणताना किंवा पाया घेताना काही मिळालं तर अर्ज कोणाला द्यायचा, पंचनामा कसा होतो, पोच कशी मागायची, शोधणाऱ्याला काय मिळतं, एवढं चौकटीत एकदा छापा, पेरणीच्या आधी छापलंत तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, मॅसॅच्युसेट्स (मूळ गाव वाई, जि. सातारा)