आज पाणी नाही, ताई

दादा, सप्रेम नमस्कार.

परवा फोन बदलला आणि जुन्या कॉलची यादी पुसली गेली. त्यात तुमचा एक कॉल होता, १९ सेकंदांचा. तो गेला म्हणून दोन दिवस जीव हळहळतोय, म्हणून हे पत्र. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. कोलाडला कुंडलिका नदीच्या काठी ज्यांची ऊठबस आहे, ते ओळखतीलच. समोरासमोर दोनदा विषय काढला, तर दोन्ही वेळा ‘त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही दोर गुंडाळायला लागलात. त्यात काय एवढं, ते आज चारचौघांत सांगते.

गेल्या वर्षी जूनमध्ये देहरादूनची नोकरी सोडून मी पुण्यात आले. तिकडे पाच वर्षं सुट्टी मिळाली की मी गंगेत असायचे. शिवपुरी ते ऋषिकेश हा १६ किलोमीटरचा पट्टा, त्यातले रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स नावाचे खळाळ, सगळं हातांना पाठ झालेलं. ट्रकातून कपाट आलं, गाद्या आल्या आणि माझी कयाक, एका माणसाची वल्ह्याने चालवायची होडी, आली. ‘हे काय आहे मॅडम?’ असं हमालाने विचारलं, तेव्हा सांगता सांगता मला भरून आलं, कारण ती इथे कुठल्या पाण्यात घालायची हे मलाच ठाऊक नव्हतं. सात महिने ती पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभी होती. तिच्या बसायच्या पोकळीत मांजरीने पिल्लं घातली, ती मोठी होऊन निघूनही गेली.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, आपल्याकडे कुठलं आलंय व्हाइटवॉटर, ते खडकांतून फेसाळत धावणारं पाणी? नद्यांना चार महिने पूर आणि आठ महिने दगड. कोणी पवनेच्या बॅकवॉटरला जा म्हणालं, कोणी अलिबागला समुद्रात. ती पाणी वाईट नाहीत, पण ज्याला धावत्या पाण्याची ओढ आहे त्याचं त्यात मन भरत नाही. जे खरोखर जाणते होते, त्यांनी जागा अशा लपवल्या जशी काही मी नदी उचलून घरी नेणार होते. एकाने तर सांगितलं, बाईमाणसाने राफ्टमध्ये बसावं, कयाक वगैरे राहू द्या. आणि एका कंपनीने ‘व्हाइटवॉटर कयाकिंग’चे पैसे आगाऊ घेऊन मला धरणाच्या साचलेल्या पाण्यात प्लॅस्टिकच्या होडीत बसवलं, लाइफ जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं, आणि दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर बोलावलं.

दुसऱ्या एका कंपनीने मला जानेवारीत कुंडलिकेकाठी साज्याला बोलावलं. सकाळी आठची वेळ दिली होती. मी पहाटे निघून, ताम्हिणी उतरून शंभरेक किलोमीटर गाडी चालवत आले, तर नदीत पाणीच नाही. गोटे उघडे पडलेले, मधूनमधून डबकी, त्यांत म्हशी. कंपनीचा फोन बंद. मी पात्रातल्या एका मोठ्या धोंड्यावर जाऊन बसले आणि तिथे पहिल्यांदा मला वाटलं की आपण या शहरात येऊन चूक केली.

तेव्हा तुम्ही मोटरसायकल थांबवून वरून ओरडलात, ‘ओ ताई, पात्रात बसू नका! पाणी कधीपण सुटतं!’

मी वर आले. माझा चेहरा बघून तुम्ही काही विचारलं नाहीत. काठावरच्या ओल्या मातीत काडीने रेघा ओढून सांगायला लागलात. वर मुळशीचं धरण, तिथून पाणी घाट उतरून जवळजवळ ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, १९२७ पासून येतंय. विजेची गरज असेल तशी जनित्रं फिरतात, आणि ती फिरवून सुटलेलं पाणी आपल्या कुंडलिकेत. बहुतेक दिवस सकाळी. कधी उशिरा, कधी नाही. म्हणजे सात महिने मी सगळ्यांना जागा विचारत होते, आणि विचारायला हवी होती वेळ. ते एकालाही सांगावंसं वाटलं नव्हतं.

माझ्या आजीचं माहेर मुळशीतलं. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाला जी माणसं उभी राहिली, त्यांतली काही आमची होती, आणि गाव शेवटी पाण्याखाली गेलंच. हे मी बोलता बोलता सांगितलं, तर तुम्ही काडी टाकून म्हणालात, ‘मग हे पाणी तुमच्या आजोळचं.’ नंतर काठाशी एक चपटा दगड ठेवलात. ‘हा बुडायला लागला की समजायचं आलं.’ आम्ही दोघं तो दगड बघत बसलो. साडेदहाच्या सुमाराला आधी म्हशी आपणहून उठून काठाला आल्या, मग गोट्यांमधून बारीक खळखळ, मग दगडाची एक कड ओली झाली, आणि बघता बघता तो दिसेनासा झाला. सात महिन्यांनी मी धावत्या पाण्याचा आवाज ऐकत होते.

पुढच्या रविवारी माझी कयाक गाडीच्या टपावर बांधून आणली. तुम्ही राफ्टवाल्यांबरोबर सेफ्टी कयाकर म्हणून निघाला होतात, मला मागे घेतलंत. मॉर्निंग हेडेक नावाच्या खळाळात मी उलटले, रोल, म्हणजे कयाकसकट पुन्हा सरळ होणं, दोनदा हुकला, तिसऱ्यांदा तुमच्या कयाकचं टोक माझ्या हाताला लागलं. त्याबद्दलही आभार मानायला हवेत, पण ते तुमचं कामच आहे आणि तुम्ही ते नेपाळी गाइडांकडून उत्तम शिकला आहात. मला लिहायचंय ते त्या फोनबद्दल.

फेब्रुवारीतला तिसरा रविवार. आदल्या रात्री कयाक बांधून ठेवली होती, गजर चार पन्नासचा. चार चाळीसला फोन वाजला.

‘ताई, निघालात का? निघू नका. आज पाणी नाही.’

आवाज झोपेतला, मागे कोंबडा आरवत होता. मी ‘बरं’ म्हटलं. तुम्ही ठेवून दिलात.

मी पलंगावर तशीच बसून राहिले आणि मला रडू आलं. आधी कळेना की का. मग एकेक गोष्ट लक्षात येत गेली. पाणी नाही म्हणजे राफ्ट नाही, आणि राफ्ट नाही म्हणजे तुमची त्या दिवशीची मजुरी नाही. अशा दिवशी माणूस आपल्याच काळजीत असतो, निदान झोपून तरी राहतो. माझ्याकडून तुम्हाला पाच पैसे मिळायचे नव्हते. तरी तुम्ही गजर लावून उठलात, का, तर पुण्यातली कोण एक बाई अंधारात घाट उतरेल म्हणून. नंतर वहिनींकडून कळलं की निरोप रात्री अकरालाच आला होता, पण इतक्या उशिरा फोन केला तर मी घाबरेन म्हणून तुम्ही पहाटेपर्यंत थांबलात. मी किती वाजता घरातून निघते, हे पुण्यात एकाही माणसाला माहीत नव्हतं. ते कोलाडला तुम्ही लक्षात ठेवलं होतंत.

जानेवारीत मला साज्याला बोलावणाऱ्या कंपनीलाही असा निरोप मिळत असणार. माझा नंबर त्यांच्याकडे होता, माझे पैसेही होते. चार दिवसांनी फोन लागला तेव्हा मला उत्तर मिळालं की निसर्गापुढे कोणाचं काय चालतं. निसर्गाचा काय संबंध होता त्यात? पाणी वीजघर सोडतं आणि फोन माणूस करतो. आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं.

तुमच्यासारखी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, फक्त ती कुठल्या जाहिरातीत नसतात. झोपलेल्या पाशिंजराला त्याच्या गावाच्या फाट्याआधी हलवून उठवणारा एसटीचा कंडक्टर असतो. पुलावर पाणी चढलं की भर पावसात टॉर्च घेऊन गाड्या अडवत उभी राहणारी गावातली पोरं असतात. कोणी सांगितलेलं नसतं, कोणी बघत नसतं. मी अशा लोकांच्या जिवावर आजवर धडपणे घरी पोचलेय, आणि त्यांच्यापैकी एकाचेही आभार मानायचे राहून गेले, हे मला तुमच्यामुळे कळलं.

नंतर तुम्ही मला किती काय दिलंत. पावसाळ्यात कोणाला विचारून कुठे उतरायचं, गोव्यात सत्तरीला म्हादई नदीवर कोण ओळखीचं आहे, कुठल्या वळणावर झाडाच्या मुळ्या पाण्यात आहेत. आणि जुलैत नदी तांबडी होऊन फुगली होती तेव्हा मी हट्ट धरला, तर तुम्ही हात जोडून ‘आज नाही. मीपण उतरत नाही’ म्हणालात. त्या दिवशी मी रागावून परत गेले होते. वहिनींनी दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकट घाटात गाडी थांबवून खाल्ली, तेव्हा राग गेला. त्याची माफी इथेच मागते.

आता मी पहाटे मुळशीवरून येते तेव्हा अंधारात ते पाणी रस्त्याच्या कडेने सोबत असतं, आणि खाली उतरल्यावर तेच मला साज्याला भेटतं. रोल परत बसलाय. मॉर्निंग हेडेकला गेले तीन महिने उलटलेली नाही.

या रविवारी येतेय. वहिनींना सांगा, डबा मी आणते, त्यांनी चुलीपाशी बसायचं नाही. साडेचारपासून जागी असेन. तुमचा फोन आला नाही तर पाचला निघते.

तुमची,
पुण्याची ताई