पोस्टरवर एकच आकडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि पोस्टरांचे कच्चे नमुने मिळाले. शाळांच्या निधीसाठी तुम्ही विद्यार्थीच मोहीम उभी करताय, याचा फार आनंद झाला. मत मागितलंयस, तर आडपडदा न ठेवता देतो. राग आला तर भेटल्यावर काढ.

आधी ते रडवेलं मूल काढून टाक. गळकं छप्पर, फाटकं दप्तर, डोळ्यांत पाणी असं चित्र बघून माणूस हळहळतो आणि पुढे चालू लागतो. शिवाय ज्या शाळांबद्दल आपण बोलतोय, तिथली मुलंही ते पोस्टर रोज पाहणार. चारचौघांत स्वतःला बिचारं ठरवलेलं कुणाला आवडेल? देणगी मागायची असती तर एक वेळ चाललं असतं. तुम्ही हिशेब मागताय.

आता आकडे. तुझ्या नमुन्यात त्यांची नुसती भाऊगर्दी झालीय. एकच ठेव. राज्यकर्ते जाहीर करतात त्या अवाढव्य रकमा कुणाच्या डोळ्यांपुढे उभ्या राहत नाहीत. म्हणून वर्षाच्या रकमेला पटसंख्येने भाग, मग शाळा जितके दिवस भरते त्याने भाग. एका मुलामागे दिवसाला किती, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. पण भागाकाराआधी आकडा कुठला आहे ते तपास. अर्थसंकल्पातली तरतूद, नंतरचा सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली, तर एखादा अधिकारी एका वाक्यात तुमची मोहीम निकालात काढेल. पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत आकडा कुठून घेतला आणि कोणत्या वर्षाचा, हे लिहाच.

आणखी एक. शाळांच्या खर्चातला मोठा वाटा पगारांवर जातो. त्यामुळे दर मुलामागचा आकडा बरा दिसतो, पण दुरुस्ती, पुस्तकं, प्रयोगशाळा यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. माझं ऐकशील तर हा उरलेला भागच पोस्टरवर घे. मात्र पगार म्हणजे उधळपट्टी, असा सूर चुकूनही लागू देऊ नका. शिक्षक तुमच्याच बाजूचे आहेत.

२०१५ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने ठरलेल्या ‘शिक्षण २०३०’ आराखड्यात सरकारांपुढे एक मापदंड ठेवलाय: देशाच्या सकल उत्पादनाच्या किमान ४ ते ६ टक्के किंवा एकूण सरकारी खर्चाच्या किमान १५ ते २० टक्के शिक्षणावर. हे वाटायच्या पत्रकात घाल. भिंतीवरची टक्केवारी वाचायला कुणी थांबत नाही.

तुझ्या नाण्यांच्या चित्रात मात्र गफलत आहे. दुप्पट खर्च दाखवायला तू दुप्पट उंचीचं नाणं काढलंस. पण त्याबरोबर रुंदीही दुप्पट झाली, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. विरोधकाच्या हाती आयतं कोलीत! व्हिएन्नात १९२०च्या दशकात ओटो नॉयराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेवारी चित्रांतून मांडण्याची पद्धत बसवली. तिचा नियम असा, की संख्या वाढली तर चित्र मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची चित्रं जास्त काढायची. दोन नाणी काढ, संपलं. हिरवा-लाल भेदही टाळ, बऱ्याच पुरुषांना ते रंग वेगळे ओळखता येत नाहीत.

अक्षरं आहेत त्यापेक्षा मोठी हवीत. तीन मीटरवरून सहज वाचायचं तर ठळक ओळीतली अक्षरं निदान अडीच सेंटीमीटर उंच ठेव. दोन ओळींत ऐसपैस जागा सोड, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. आणि अक्षरं ऐटीत लांब लांब ठेवण्याचा मोह आवर. शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. छापखान्यात फाइल देताना फॉन्ट पीडीएफमध्येच बसवून दे, नाहीतर जोडाक्षरं फुटतील. कागद कापताना कडेला पांढरी पट्टी राहू नये म्हणून चित्र आणि रंग कापायच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर वाढव. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मळकट उतरतो, म्हणून आधी एक प्रत काढून बघ.

शेवटची ओळ ‘शिक्षण वाचवा’ अशी आहे. कुणी वाचवायचं? निधी ज्यांच्या सहीने सुटतो, त्यांच्या पदाचं नाव लिहून सरळ प्रश्न विचार: ‘मंजूर झालेला निधी शाळेपर्यंत कधी पोहोचणार?’ खाली तुमच्या सभेची तारीख आणि जागा.

नवा नमुना झाला की पाठव, सोबत आकड्याचा मूळ कागदही. हिशेब मी पुन्हा करून बघतो. तो पिवळा रंग मला अजिबात आवडलेला नाही, पण त्यावर समोरासमोर भांडू.

तुझाच,
जुना बाकसोबती