‘मी आहे’ या जाणिवेचा अर्थ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातील प्रवचनांत ‘स्वतःला ओळखा’ हे वाक्य वारंवार कानी पडते; परंतु त्याचा अर्थ आपले गुणदोष तपासणे एवढाच सांगितला जातो, याची मला खंत वाटते. जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या अद्वैत परंपरेतील ‘मी आहे’ ही असणेपणाची जाणीव त्याहून मूलभूत आहे.

हिवाळ्यात रानडुकरांपासून हरभरा राखण्यासाठी मी वावरात जागलीला असतो. पहाटे डोळा लागून एकदम जाग येते तेव्हा नाव, गाव, सोसायटीचे कर्ज यांपैकी काहीही आठवण्याआधी, क्षणभर का होईना, केवळ ‘मी आहे’ एवढेच असते. त्याला ‘अमुक’ चिकटले, की अहंकार उभा राहतो. मुंबईत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) गुरू सिद्धरामेश्वर महाराजांच्या सांगण्यावरून याच शब्दांपूर्वीच्या ‘मी आहे’पाशी थांबले. मात्र हीच जाणीव म्हणजे अंतिम परब्रह्म, असे ते मानत नसत. देहासोबत उगवणारी आणि गाढ झोपेत मावळणारी ही जाणीव ज्याला कळते ते तिच्याही आधीचे आहे, असा त्यांचा रोख होता. नेमका हाच भेद प्रवचनांत गाळला जातो.

लहानपणीच दृष्टी गमावलेल्या संत गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) भक्तीला अद्वैतात स्थान देणारे मधुराद्वैत मांडले, ते आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या मुलखातील वाचकांसाठी आपण या विषयावर जाणकारांचे सविस्तर लेख छापावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. अमरावती