आधी उतारा, मग कर्ज

संपादक महोदय,

ग्रामीण घरांसाठीच्या सरकारी कर्जयोजनांवरील आपला अग्रलेख वाचला. व्याजसवलतीचे स्वागतच, पण बेळगावच्या खेड्यांत कर्ज अडते ते उताऱ्यापाशी. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजारांचे अनुदान आणि ७० हजारांपर्यंत बँककर्जाची सोय आहे. बँक मात्र ई-स्वत्तूचे (कर्नाटकातील ग्रामपंचायत मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुना ९ आणि ११-अ हे उतारे मागते. गावठाणाबाहेर, एनए (बिनशेती) न झालेल्या जागेवरील घराला मिळतो ११-ब. तो पाहिला की फाईल सहसा बाजूला पडते. त्यात घर अजून आजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी, एक चुलता पुण्यात! उतारा कन्नडमध्ये, ही अडचण निराळीच. कर्जमेळाव्यांआधी ग्रामपंचायतीतच वारसनोंदीची शिबिरे घ्यावीत.

– एक वाचक, ता. खानापूर